मागच्याचे पाणी

कर्जतजवळचा तो झरा नेमका कुठे, स्टेशनावर बैलगाडी मिळते का, उतरायची सोय कशी, असे विचारणारी पत्रे मला अजून येतात. परवाच्या वैशाखात मी तिथे दुसऱ्यांदा जाऊन आलो. तेव्हा सर्वांना एकदमच उत्तर देतो: जाऊ नका. प्रवासाला निघण्याचा मोह वाचकाला पाडावा, ही असल्या लेखनाची रीत आहे हे मला ठाऊक आहे. मी तो एकदा चांगला पाडला. त्याचे काय झाले तेच आता सांगायचे आहे.

आधी थोडे मागचे. आमच्या साताऱ्यात दर गुरुवारी संध्याकाळी दहाबारा मंडळींची एक बैठक भरते. भजन होते आणि मग प्रत्येकाने त्या आठवड्यात आपल्याला देव कुठे भेटला ते सांगायचे असते. देवळात भेटलेला चालत नाही, रोजच्या व्यवहारात भेटलेला हवा. मी जन्मभर शाळामास्तर. बोलायला उभा राहिलो की माणसे सरसावून बसत. पण खरे सांगायचे तर पत्नी गेल्यापासून मला देव कुठे म्हणजे कुठे दिसला नव्हता. गुरुवार मात्र थांबत नाही. मग मी देव रचू लागलो. कधी पाय मोडलेली चिमणी, कधी हरवलेली किल्ली आणून देणारा हमाल. मंडळी डोळे पुसत आणि मी घरी येऊन थंड भात खाऊन झोपत असे.

अशा दिवसांत, दोन वर्षांपूर्वी, माझा जुना विद्यार्थी सदाशिव याच्याकडे कर्जतला गेलो होतो. तो तिथे वकिली करतो. एका सकाळी एकटाच फिरायला निघालो आणि खालापूरच्या बाजूला डोंगरपायथ्याशी वाट चुकलो. ऊन माथ्यावर आले, तोंडाला कोरड पडली. एका कातळाखाली करंगळीएवढी धार दिसली. धारेशी एक सपाट दगड, आणि दगडावर नारळाची करवंटी, काठोकाठ भरलेली. कोणाची, कुठल्या जातीची, हा प्रश्न तहानेने परस्पर मिटवला. मी ती घटाघटा प्यालो. तेवढ्यात वरच्या कातकरवाडीतली एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन आली.

"हे पाणी कोणी ठेवलं?" मी विचारले.

"मागच्याचं हाय," ती म्हणाली.

"मागचा कोण?"

"येल त्यो. मानूस येल, वासरू येल. देव बी येल. त्याला काय तहान नाय लागत?"

मी त्या दगडावर बसलो आणि रडलो. पत्नी गेल्यानंतरच्या चार वर्षांत पहिल्यांदा मला काही रचावे लागले नाही. मग डोळे पुसले, खिशातली वही काढली आणि तिचे शब्द लिहून घेतले.

गुरुवारी ते बैठकीत सांगितले. "आपल्या मागून देव येतो आहे, त्याच्यापुरते ठेवा," असा शेवट केला. मग ते लिहून काढले, कोणीतरी ते मासिकाला पाठवले, ते छापून आले, आणि मी चार गावांत प्रसिद्ध झालो. सदाशिवचे पत्र आले: "गुरुजी, हे आमच्या पायाशी होते आणि आम्हांला दिसले नाही." त्यानंतर यंदा पुन्हा त्याचे पत्र आले. झऱ्यावर छोटेसे देवस्थान झाले आहे, पहिला उत्सव आहे, आणि आपल्या हस्ते व्हावा.

मी नवे उपरणे घेतले, नव्या वहाणा घेतल्या आणि निघालो.

भिसेगाव

घाट उतरून कर्जतच्या फलाटावर पाऊल ठेवले की देशावरच्या माणसाचा घाम त्याला विचारल्याशिवाय सुटतो. सदाशिव हार घेऊन उभा होता. त्याचे घर भिसेगावात, उल्हास नदी हाकेच्या अंतरावर. त्याच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, पाय धुवायला पाणी ठेवले, गूळ पुढे केला. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, कैरीचे आंबटगोड सार आणि फणसाच्या आठळ्या घातलेली भाजी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी खाताना दातांना काम पडते. इथली भाकरी तोंडात जाताच विरघळते आणि तासाभराने पुन्हा भूक लागते. मी चार खाल्ल्या. सुभद्राबाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या त्या लेखापासून आमच्याकडे दर सोमवारी झऱ्याचं पाणी येतं. धाकट्याचा ताप त्याच पाण्यानं उतरला."

मला बरे वाटले हे कबूल करतो. फार बरे वाटले. आपल्या बोलण्याने एखाद्याचे मूल बरे व्हावे, याहून मास्तरला काय हवे? रात्री पडल्या पडल्या दुसऱ्या दिवशीचे भाषण मनात घोळवत होतो. त्या म्हातारीला व्यासपीठावर बोलावून तिच्या पाया पडावे, असाही एक प्रसंग मी योजून ठेवला. टाळ्या कुठे पडतील तेही ठरवले.

झऱ्यावर

सकाळी बैलगाडीने निघालो. गाडीवान धर्मा हा खालापूर बाजूचा कुणबी, तोंडाने फटकळ आणि बैलांशी मात्र लोण्यासारखा मऊ. वाटेत करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर झाल्या होत्या. दोन कातकरी बायका द्रोणात करवंदे घेऊन बसल्या होत्या. मी धर्माला म्हणालो, "यांच्या वाडीतली एक म्हातारी माझ्या ओळखीची आहे."

"बुधी का? झऱ्याची?"

"तीच असेल. उत्सवाला येईल ना?"

धर्माने बैलाच्या पाठीवरची माशी उडवली. "येती की. रोजच येती. वर हुभी ऱ्हाती."

मला वाटले, म्हातारपणी उतरवत नसेल.

जिथे मी वाट चुकलो होतो तिथे आता गाडी जाईल असा रस्ता झाला होता. पताका, माणसे, पेढ्यांचे एक दुकान. कातळाला पायऱ्या घातल्या होत्या. धार एका घडीव कुंडात पडत होती, कुंडापाशी महादेवाची पिंड आणि भोवती लोखंडी कठडा. वर पत्र्याची पाटी, तिच्यावर तांबड्या अक्षरांत माझे वाक्य: "आपल्या मागून देव येतो आहे." खाली माझे नाव. नाव वाचून मी थोडा ताठ चाललो.

सपाट दगड कुठे दिसेना. करवंटी दिसली. तिच्या काठाला चांदीची पट्टी मढवली होती आणि ती एका कोनाड्यात फुलांवर ठेवली होती. पुजाऱ्याने तिच्यात कुंडातले तीर्थ घेतले आणि पहिला मान म्हणून माझ्या ओंजळीत ओतले. मी प्यालो. मग तो ती पुसून, पालथी घालून परत कोनाड्यात ठेवून मोकळा झाला.

तेवढ्यात मी वर पाहिले. कातळाच्या माथ्यावर, कठड्याच्या बाहेर, सातआठ कातकरी बायका रिकामी मडकी घेऊन उन्हात उभ्या होत्या. एक तरुण पोर पोटुशी होती, दिवस भरत आलेले. तिच्या बाजूला बुधी. ती माझ्याकडेच पाहत होती.

"त्या का थांबल्या आहेत?" मी सदाशिवला विचारले.

"पाण्याला. रोज पूजा झाली की आपला माणूस वर जाऊन उंचावरून ओततो त्यांच्या मडक्यांत. आज उत्सव आहे ना, आज जरा खोळंबा होईल."

"त्या खाली का उतरत नाहीत?"

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "आता पिंड आहे इथं. आणि ती माणसं काय काय खाऊन येतात तुम्हांला माहीतच आहे. बंदी कसलीच नाही. फक्त खाली उतरायचं नाही, एवढंच."

आता वाचक म्हणेल, तिथेच मास्तरने उभे राहून चार खडे शब्द सुनावले असतील. मलाही तसेच वाटत होते. भाषणाला उभा राहिलो तेव्हा ते शब्द खरोखर जिभेवर होते. पण समोर शेदीडशे माणसे हात जोडून बसलेली, पुढच्या रांगेत सुभद्राबाई, मांडीवर तापातून उठलेले मूल. आणि चाळीस वर्षे बोलत आलेल्या जिभेला आपली वाट पाठ असते. मी तेच भाषण केले. वाट चुकलो, तहान लागली, करवंटी दिसली. "देव बी येल. त्याला काय तहान नाय लागत?" हे वाक्य मी म्हातारीच्या आवाजात म्हटले. माणसे रडली. ठरवल्या ठिकाणी टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून वरच्या बायकांना वाटले असावे की आटोपले. त्या मडकी सावरून पुढे सरकल्या, आणि कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाने त्यांना हाताने मागे सारले. आरती राहिली होती. म्हातारीला व्यासपीठावर बोलावण्याचा बेत माझा मीच गिळून टाकला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि तरी मी मुकाट्याने आरतीला टाळ्या वाजवत उभा राहिलो.

जेवणाच्या पंक्तीत मात्र राहवले नाही. "सदाशिव," मी म्हणालो, "हे पाणी त्यांचं होतं."

तो दुखावला. वाईट माणूस नव्हे हो तो. पायऱ्यांना स्वतःच्या खिशातून पैसे घातले, उत्सवात दोनशे पाने वाढली, स्वतः पंक्तीत वाढत होता. म्हणाला, "गुरुजी, डबकं होतं ते. गुरं तोंड घालायची. आम्ही त्याचं तीर्थ केलं. आणि तुम्हीच तर लिहिलंत, देव दिसला तर लपवून ठेवू नये, दहाजणांना वाटावा. आम्ही वाटतोच आहोत."

हे वाक्य मी लिहिले होते खरे. तिसऱ्या परिच्छेदात. पानातली जिलबी तशीच टाकून मी उठलो.

वाडी

उन्हाची वामकुक्षी घ्यायला सदाशिव आग्रह करीत होता. मी धर्माला उठवले आणि वाडीकडे चल म्हणालो. "गाडी नाय जायाची, चढ हाय," तो म्हणाला. चालत निघालो. अर्ध्या वाटेत माझ्या नव्या वहाणेचा अंगठा तुटला. पाय असा भाजू लागला की मी तमासगिरासारखा एका पायावर नाचायला लागलो. धर्मा हसून हसून खाली बसला. मग त्यानेच पळसाच्या मुळीचा वाख काढून अंगठा बांधून दिला.

"तुमी भाशन झ्याक केलं," तो म्हणाला. "माजी बायको रडली."

"आणि तू?"

"मी कशाला रडू? मी हितलाच हाय. मला म्हाईत हाय काय झालं त्ये."

वाडी म्हणजे पंधरावीस झोपड्या, कुडाच्या, वर पेंढा. कुत्रे भुंकले. बुधी दाराशी बसून मोहाची फळे सोलत होती. सकाळची ती पोटुशी पोर, तिची सून, आत आडवी झाली होती. रिकामे मडके दाराशीच उपडे होते. आमच्या साताऱ्याकडे पाहुणा आला की आधी बसायला घोंगडे टाकतात. बुधीने 'बस'ही म्हटले नाही. वर पाहून म्हणाली, "तू त्यो मास्तर. पानी पिऊन रडला त्यो."

"मीच तो, बुधीबाई. मला कळलं नव्हतं असं होईल म्हणून. मी फक्त सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तुम्ही मागच्यासाठी पाणी ठेवता, ते. लोकांना फार आवडलं."

तिने हातातले फळ सोलून पुरे केले. मग म्हणाली, "आवडलं, तर त्यांनी ठेवायचं ना. त्यांच्या हिरी हायत, नदी हाय. त्यांच्या हिरीवर ठेवायचं. आमचं कशाला घेतलं?"

मी चाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले. मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. साताऱ्यात तो लेख वाचून गळा दाटलेल्या एकाही माणसाने आपल्या आडावर वाटीभर पाणी ठेवल्याचे मी पाहिले नाही. मीही ठेवले नाही. आमच्या घरी माठावर झाकण आणि झाकणावर दगड असतो.

"मी वकिलांशी पुन्हा बोलतो," मी म्हणालो.

"नको," ती पटकन म्हणाली. "तू बोलला का लोक येत्यात."

मला बसायला कोणी सांगितले नव्हते. मी कुडाला टेकून बसलो. उन्हाने, चढाने आणि आणखी कशाकशाने घसा इतका सुकला होता की गिळता येईना. पाणी मागायला तोंड कुठे होते? तरी तिने ते ओळखले. हातातले टाकून उठली, हंडा घेतला. "चल," म्हणाली. "सुनेसाठीबी पानी न्यायचंच हाय."

आम्ही चालत राहिलो. किती, कुठल्या दिशेला, ते सांगणार नाही. एक कोरडा ओढा लागला. त्याच्या वाळूत कमरेएवढा खड्डा उकरलेला होता. त्याला वाडीतल्या बायका डवरा म्हणतात. तळाशी गढूळसे पाणी झिरपत होते, मुंगीच्या पावलाने. झऱ्यावर ओतून मिळते ते पुरत नाही, म्हणून पोटुशी पोर रोज इतके चालून इथे येते आणि हंडा भरायला अर्धा दिवस घालवते, हे मला धर्माने सांगितले. डवऱ्याच्या काठावर, एका दगडावर, करवंटी होती. नवी, चांदी नसलेली. काठोकाठ भरलेली.

"पी," बुधी म्हणाली.

"हे तर मागच्याचं."

"मग तू काय पुढनं आलास?"

मी प्यालो. मातीची चव असलेले कोमट पाणी होते ते. पिऊन मी करवंटी दगडावर ठेवली आणि सवयीने माझा हात खिशातल्या वहीकडे गेला. बुधी माझ्या हाताकडे बघत होती.

"तवाबी असंच केलंस," ती म्हणाली. "प्याला, रडला, लिवलं, न् निघून गेला. करवंटी तशीच उपडी. मी भरली मागनं."

दोन वर्षे मी तो प्रसंग सांगत होतो. साताऱ्यात सांगितला, वाईला सांगितला, छापून आणला, त्या सकाळी पुन्हा दीडशे माणसांपुढे सांगितला. पिणाऱ्याने करवंटी पुन्हा भरून ठेवायची असते, हे माझ्या एकदाही डोक्यात आले नाही. सगळ्या गोष्टीत तेवढेच एक काम माझ्या वाट्याचे होते आणि तेवढेच मी केले नव्हते. पुजारी ती पालथी घालतो ते उगीच नव्हे. त्याने माझेच पाहून घेतले म्हणायचे.

मी डवऱ्यात उतरलो. धोतर चिखलात गेले, वहाणेचा वाख पुन्हा सुटला. ओंजळभर पाणी उचलले की तळ दिसे, मग पुन्हा साठायची वाट पाहायची. बुधी काठावर बसून राहिली. घाई नाही, आग्रह नाही. करवंटी भरायला इतका वेळ लागला की ऊन दगडावरून सरकून माझ्या पाठीवर आले. त्या वेळात मला काय वाटले, काय दिसले, ते माझ्यापाशी आहे. वही मी बाहेर काढली नाही.

भरलेली करवंटी दगडावर ठेवली तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, ह्ये पानी कुनाला सांगू नको."

"नाही सांगणार."

"शपथ घे."

मी पाण्याला हात लावून शपथ घेतली. तिने हंडा भरायला घेतला आणि मग माझ्याकडे पाहिले नाही.

परत

भिसेगावला आल्यावर सदाशिवला एवढेच म्हणालो की पाटीवरचे माझे नाव पुसून टाक. तो म्हणाला, "गुरुजी, हा तुमचा विनय." आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवताना त्याने मला झऱ्याच्या पाण्याची लाखबंद बाटली दिली, बैठकीच्या मंडळींसाठी. ती मी कोणाला वाटली नाही. अजून फडताळात आहे. फेकवतही नाही आणि पिववतही नाही.

या लेखात वाडीचे नाव नाही, ओढ्याचे नाव नाही, गाडीवानाचे नावही खरे नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. डवरा म्हणावा, तर त्या मुलखात वैशाखात प्रत्येक ओढ्यात एखादा असतो. शोधायला निघालात तर उन्हाने मराल. ज्यांना झऱ्यावर जायचेच असेल ते जाणारच. रस्ता चांगला आहे, पेढे मिळतात. फक्त तिथे पोचल्यावर एकदा मान वर करून कातळाच्या माथ्यावर पाहा.

गुरुवारी बैठक होती. सगळे माझीच वाट पाहत होते. अध्यक्षांनी भजन आवरते घेतले, चष्मा पुसला आणि हसून विचारले, "मास्तर, मग? या खेपेला कर्जतला देव भेटला का?"

सगळे सरसावून बसले. बाजूच्या माणसाने लिहून घ्यायला वही उघडली.

"नाही," मी म्हणालो. "उकाडा फार होता."